मर्डोचा किल्ट

शनिवारी स्कॉटलंडमधल्या ओबन गावच्या चर्चबाहेर, ऐन लग्नाच्या वेळी, नवरदेव मर्डोचा किल्ट, म्हणजे तिथला गुडघ्यापर्यंतचा पुरुषी घागरा, वाऱ्याने पार छातीपर्यंत उडाला. अर्थात, असं काही घडलंच नाही. कुणालाही विचारा, त्या क्षणी सगळं वऱ्हाड समुद्राकडेच बघत होतं.

नवरीचे वडील लॅकलन यांची जावयाला एकच अट होती. "चारचौघांत किल्ट घालायचा, आणि तोही वाडवडिलांसारखा. आत काही म्हणजे काही नाही! जमेल ना, की शहरात राहून लाजायला लागलास?"

"लाज कसली, मामा! मी तर बँकेतसुद्धा तसाच जाईन," मर्डोने पबमध्ये सगळ्यांदेखत ग्लास आपटून सांगितलं होतं.

आता लॅकलन चर्चच्या दारातच आडवे उभे राहिले. "हे लग्न होणार नाही. उभ्या गावासमोर माझी अब्रू गेली!"

"बाबा, वाऱ्यापुढे तो बिचारा काय करणार?" नवरी उना रडकुंडीला आली. "आणि सगळ्यांनी माना वळवल्या होत्या की!"

"मी नव्हती वळवली!"


सोमवारी मर्डोने नगरपालिकेत अर्ज दिला: 'शनिवारी वाऱ्याने उघडकीस आणलेली ठिपक्यांची चड्डी मुळात नव्हतीच व अर्जदार किल्टच्या आत संपूर्ण नागडा होता, असा सही-शिक्क्याचा दाखला लग्नकार्यासाठी तातडीने मिळावा, ही नम्र विनंती.'