चंद्राच्या डावीकडं

"टाकीच्या सावलीतच उभे राहा अप्पा, सूर्याकडं चुकूनही बघू नका," हातातला आभाळाचा नकाशा बघत आरोही म्हणाली. "आता चंद्राच्या डावीकडं, चार बोटं सोडून. बारीक ठिपका. शुक्राची चांदणी. दिसली?"

रावेतच्या घराच्या गच्चीवर, भर दुपारी, अर्जुनरावांनी कपाळावर हाताचा आडोसा धरला.

"दिसली की! काय लखलखतीया!"

"मला मेलीला चंद्रच सापडंना, आन् ह्यांना चांदणी घावली," कुरडया उलटता उलटता जयमालाबाई म्हणाल्या.

"उगाच न्हाई कंपनीनं मला शेवटच्या टेबलावर बसवलंय."

हे मात्र खरं होतं. चाकणच्या कारखान्यात ब्रेकची प्रत्येक डिस्क शेवटी अर्जुनरावांच्या हातात येई. केसाएवढी चीर दिसली तर बाजूला, नाहीतर हिरवा ठिपका. ठिपका पडला की डिस्क थेट गाडीत. त्यांच्या नजरेचं कौतुक भावकीत सगळ्यांनाच होतं, आणि त्यांना स्वतःला जरा जास्तच.

जयमालाबाई सूप घेऊन खाली गेल्या. आरोहीला अजून काहीच दिसलं नव्हतं. तिनं कॉलेजातून आणलेल्या कॅमेऱ्यानं चंद्राच्या आजूबाजूचे भराभर फोटो काढले आणि सावलीत बसून एकेक मोठा करून पाहू लागली.

"सापडली!" ती हसत सुटली. "मी पण काय येडी! नकाशाच उलटा धरला होता. चांदणी उजवीकडं आहे. डावीकडं नुसतं आभाळ."

मग तिचं हसू थांबलं.

"अप्पा, तुम्हाला डावीकडं काय दिसलं?"

अर्जुनराव चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"तू म्हणलीस, म्हणून म्हणलो."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिवाळीपास्नं धुरकट हाय. आईला बोलू नगं. कंपनीत कळलं तर घरी बसवत्याल. मग तुझं शिक्षाण?"

"अहो, पण तिथं डोळे तपासतात ना?"

"तक्ता पाठ हाय मला."

पुढचं विचारायची आरोहीला भीती वाटत होती, तरी तिनं विचारलंच.

"आणि त्या डिस्क? त्या पण अशाच 'दिसली' म्हणून सोडता?"

अर्जुनरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "तिथं फोटो कोण काढतंय, पोरी."