मंगळवारचं इंजिन

गुडरूननं सकाळीच इंजिन बिघडवून ठेवलं होतं. लोथार दाढी करत होता तेवढ्यात तिनं मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा एक तुकडा चिमट्यानं उचलला, खाली नखाएवढा कागद सरकवला आणि सगळं होतं तसं बंद केलं. ज्या बायकोला पन्नास वर्षं त्यानं स्क्रूड्रायव्हरला हात लावू दिला नव्हता, तिला आता हे झोपेतसुद्धा जमलं असतं.

दुपारी कॉफी झाल्यावर तिनं ते तळहाताएवढं लाल डिझेल इंजिन त्याच्यासमोर स्पंजावर ठेवलं. "क्लबातल्या पोलनं पाठवलंय. बंद पडलंय म्हणे."

"पोल!" लोथारनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "त्या गाढवाला अजून तेल कुठं घालायचं ते कळत नाही."

झाला मंगळवार सुरू! आनाबेर्ग गावच्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबात कुणाचंही इंजिन बसलं की ते मंगळवारी लोथारच्या टेबलावर यायचं. तीस वर्षांचा शिरस्ता. गेल्या उन्हाळ्यात त्यानं एकाची मोटर जाळली, मग दुसऱ्याची, आणि लोक यायचे थांबले. तोंडावर कुणी काही बोललं नाही, तेवढी माणुसकी. पण रिकामा लोथार कोट घालून दिवसभर दाराशी उभा राहायला लागला. रेल्वेच्या कारखान्यात कामावर जायचंय म्हणे. तो कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. शेवटी गुडरूननं त्याचंच इंजिन त्याच्याच कपाटातून काढलं आणि दर मंगळवारी ते बिघडवून त्याच्यापुढं ठेवायला लागली. ते आपलं आहे हे त्याला ओळखू आलं नाही. तिच्या ते पथ्यावर पडलं, आणि त्याच गोष्टीचं तिला रडूही यायचं.

इतके दिवस ती साधंसुधं काहीतरी करायची. मळकी चाकं, नाहीतर सोल्डर वितळवून सुटी केलेली एखादी वायर. पण मागच्या मंगळवारी त्यानं पाच मिनिटांत वायरला सोल्डर मारलं आणि उरलेली दुपार परत दाराशी. म्हणून आज कागद. दुपार जरा लांबावी, एवढाच तिचा लोभ.

त्यानं इंजिन रुळाच्या तुकड्यावर ठेवून बटण फिरवलं. पुढचे दिवे लागले. "दिवे लागतात. म्हणजे रुळातून वीज वर येतेय." मग वरचं टोपण काढून आत डोकावला. "ही चिप कुणी बसवली गं? सोल्डर बघ किती साफ आहे. माणूस जाणता असणार."

"असणार," ती म्हणाली आणि केकवर नसलेली माशी उगाच हाकलली.

त्यानं परत बटण फिरवलं. "दिवे लागतात. म्हणजे रुळातून वीज वर येतेय." तिसऱ्यांदाही तेच. मग मीटर घेतला, लाल वायर भलत्याच भोकात खुपसली आणि शून्याकडे बघत बसला.

"मोटरचं बघा म्हणत होता पोल." तिला राहवलं नाही.

"एवढं कळतंय तर स्वतः करावं की त्यानं! आणि तू कधीपासून मेकॅनिक झालीस? केक काप तू!"

खेकसला! गुडरूनला केवढं बरं वाटलं. हा खेकसणारा लोथार तिला कित्येक महिन्यांत भेटला नव्हता. पण ते घटकाभरच. त्याचे हात मांडीवर पडले. तो इंजिनाकडे बघायचा, मग चिमट्याकडे, मग परत इंजिनाकडे.

"मला येत होतं हे. गुडरून, मला येत होतं ना?"

गुडरूननं केकची सुरी खाली ठेवली. काय ही अवदसा आठवली मला? चार तासांची दुपार मिळवायला गेले, आणि उरलंसुरलं होतं तेही त्याच्या हातून घालवलं. इंजिन हिसकावून घ्यावं, तो कागद काढून फेकून द्यावा, असं झालं तिला. "राहू दे रे. उद्या बघू."

"थांब."

त्याचं डोकं कुठं होतं देव जाणे, पण बोटं आपल्या वाटेनं निघाली होती. त्यांनी मोटरवरचं इवलंसं झाकण सरकवलं, स्प्रिंग बाजूला धरली, कार्बन उचलला. चिमट्याच्या टोकाला कागद आला.

कार्बन परत बसवायला त्याला चार खेपा लागल्या. रुळावर ठेवल्यावर इंजिन गुरगुरलं आणि टोकापर्यंत गेलं. गुडरूननं टाळ्या वाजवल्या. लोथार इंजिनाकडे बघतच नव्हता. टेबलावरचा कागद तो बोटानं सपाट करत होता.

"कागद काही आपल्या पायानं आत जात नाही," तो म्हणाला.

"पोलचा नातू असेल. लहान आहे ना, काहीबाही कोंबतो..."

"पोलला नातू नाही, गुडरून."

किती दिवसांनी त्याचा आवाज असा जागा होता! त्यानं तिचा हात ओढून घेतला. अंगठ्यावर मागच्या मंगळवारची भाजल्याची खूण होती. सोल्डरचा चटका तो ओळखणार नाही तर कोण? त्या खुणेवरून तो कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला.

"हे फार अवघड गेलं मला," तो म्हणाला. "पुढच्या मंगळवारी जरा सोपं बिघडव."

"बरं."

"आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी, त्याहून सोपं."