पांढरीफटक भिंत

राजवाड्याच्या चित्रमहालात पाऊल टाकताच नाडगौडाबाई थबकल्या. ज्या भिंतीवरची चित्रं त्यांनी चार वर्षं खपून काजळीतून मोकळी केली होती, ती पांढरीफटक झाली होती.

"उद्घाटनाला मंत्रीसाहेब येतायत ना, कालच चुना मारून घेतला," बांधकाम खात्याचा अभियंता कौतुकाने म्हणाला. "पोपडे निघाले होते हो सगळे."

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "पोपडे? दोनशे वर्षांची चित्रं होती ती!"

त्या तडक पुढे झाल्या. भिंतीशी मांडी घालून बसल्या आणि पातळ पात्याने चुना खरवडू लागल्या. मंत्री आले, फोटोवाले आले. "बाई, आता उठा," सगळे विनवू लागले. बाई हलल्या नाहीत. शेवटी उद्घाटन अंगणात उरकलं.

दिवस मावळेपर्यंत एका घोड्याचा डोळा तेवढा मोकळा झाला. बाई अजून धुमसत होत्या, पण पातं धरलेला हात जराही थरथरत नव्हता.