आधी आलेले

ठरलं होतं किल्ल्यांवर बोलायचं, आणि पद्माकर सरांनी काढलं बहमनी राज्य. प्रभाने कपाळाला हात लावला. रिटायर झाले तरी बाबांचा इतिहासाचा वर्ग काही सुटत नाही.

तसंही तिचं लक्ष भाषणात नव्हतं. आयर्लंडमधल्या एनिस गावातलं हे मराठी मंडळ तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात सुरू केलं होतं. आता जवळच्या शॅननच्या कारखान्यांत आलेली नवी मंडळी म्हणत होती, ढोलपथक हवं, केटरर हवा, अध्यक्षही नवा हवा. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं मंडळ असं कुणी हातातून काढून घेतं का? तिला फार लागलं होतं. भाषण संपलं की ती उठून सांगणार होती, आम्ही जुने वेगळे निघतोय, आमचा गणपती वेगळा. हॉलच्या कपाटातलं मंडळाचं सामान तिने सकाळीच गाडीत भरलं होतं. बाबांना सांगितलं, धुवायला नेतेय.

"गुलबर्ग्याला राज्य उभं राहिलं, बिदरला भरभराटलं," सर सांगत होते. "इराणहून जहाजाने हुशार माणसं आली, मोठ्या जागांवर बसली. आधीचे दख्खनी चिडले. म्हणाले, हे कोण उपरे? मग काय, आज यांनी त्यांना कापलं, उद्या त्यांनी यांना. महमूद गावानसारखा इराणी वजीर कुभांड रचून मारला."

पुढे बसलेल्या मंडळातल्या छोट्या सानिकाने विचारलं, "बट हू वन, आजोबा?"

"कोणीच नाही, बाळा. एका राज्याची पाच शकलं झाली. आणि गंमत सांगू? त्या दख्खन्यांतल्या कितीतरींचे आजे-पणजे दिल्लीहून आलेले. ते फक्त आधी आले होते, एवढंच."

हॉल हसला. प्रभा हसली नाही.

टाळ्या थांबल्यावर ती उठली. कुणकुण सगळ्यांनाच होती. नव्यांचा पुढारी जयेश हाताची घडी घालून तयारच बसला होता.

"जयेश," ती म्हणाली, "गाडीत आपलं मखर आहे. आत आणायला जरा हात लाव."

जयेशची घडी सुटली. "ग्रँड, प्रभाताई. आणतो की."

घरी जाताना गाडी रिकामी होती. सिग्नलला तिने ब्रेक दाबला. मग म्हणाली, "मी वेगळं मंडळ काढणार हे तुम्हाला कुणी सांगितलं, बाबा?"

"कुणी कशाला सांगायला हवं?" सरांनी पाय ऐसपैस पसरले. "येताना मखर माझ्याच मांडीवर होतं. थर्माकोल कुणी धुतं का, प्रभा?"