पणजोबांची भाषा

कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या उन्हाळ्यात अबोलीताई मित्रमंडळींबरोबर टोरोंटोहून निघाल्या आणि मक्याची शेतं मागे टाकत एका खेड्यातल्या, ब्रिटनमधल्या वेल्सहून आलेल्यांच्या वेल्श गाण्यांच्या उत्सवाला पोचल्या. तिथे एक चिमुरडी पणजोबांच्या भाषेत गायली आणि बरोबर आलेल्या देवेशने डोळे पुसले. “पाहिलंत ताई? घरच्यांनी मनावर घेतलं की भाषा अशी टिकते.”

ताई टोरोंटोत दर रविवारी मराठीचा वर्ग घेत. त्यात आता दोनच मुलं उरली होती. परतताना गाडीत त्यांनी मोठ्या आशेने विचारलं, “मग देवेश, आता तरी नातीला पाठवशील ना रविवारी?”



“रविवारी नाही हो जमायचं, ताई. या उत्सववाल्यांचा वेल्शचा वर्ग टोरोंटोतही रविवारीच असतो, आत्ताच तिचं नाव घालून आलो!”