लेकीचा संदर्भग्रंथ

फ्रेंच साहित्यातल्या गुन्हेगारीवरचा लेकीचा प्रबंध एका जुन्या संदर्भग्रंथावाचून अडला होता. प्रबंध पुरा झाला की लेक नोकरीसाठी दूर जाणार, हे ग्रंथपाल बाबांना पक्कं ठाऊक होतं. आणि बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं. म्हणून दुसऱ्या विद्यापीठातून मागवलेला तो ग्रंथ आला, तेव्हा बाबांनी तो बांधणीसाठी काढलेल्या फाटक्या पुस्तकांच्या ढिगाखाली सरकवला. त्या ढिगाकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहून ठेवलं होतं.

"बाबा, आलं का हो माझं पुस्तक?" लेक रोज जेवताना विचारी.

"अगं, फ्रेंच गुन्हेगार ते! असे सहजासहजी हाती लागतात होय?"

ती खळखळून हसे, आणि बाबांना घास गोड लागे. असे आठ महिने सुखात गेले.

मग एका संध्याकाळी ती धावतच आली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"बाबा, 'हा ग्रंथ इथे उपलब्ध नाही' असा दाखला तुम्ही मला सही करून दिला होता ना, तो मी अर्जाला जोडला आणि त्याच्यावरच मला फ्रान्सची पाच वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली!"