गळ्यापर्यंत बटणं

बसस्टँड जवळ आलं तशी स्नेहानं चालत्या स्कुटीवरच दप्तरातून निळा स्वेटर काढला आणि अंगात घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली. मग वाकून मोजे दुमडले आणि बुटांत कोंबले.

जुलैची उमस होती. पाऊस नुसता दाटून यायचा आणि न पडताच निघून जायचा. वैशालीनं आरशात सगळं पाहिलं.

"थंडी वाजून राहिली का तुला?"

"हो, मम्मी."

वैशालीनं दात आवळले. सहावीतल्या पोरीला काय म्हणावं! तिनं सगळं करून पाहिलं होतं. ताप मोजला. डॉक्टरला दाखवलं. कोणी मारत तर नाही ना, म्हणून अंगावरच्या खुणा शोधल्या. काही नव्हतं. एकदा स्वेटर लपवून ठेवला, तर पोरगी लख्ख उन्हात रेनकोट घालून बसली. आणि शाळेच्या फाटकाच्या आत पाय पडला, की स्वेटर पुन्हा दप्तरात. म्हणजे थंडीबिंडी काही नव्हती. शाळेचा ड्रेस रस्त्यावर कोणाला दिसू द्यायचा नव्हता, एवढंच.

नवरा म्हणाला, शाळेची लाज वाटत असेल, वयच तसं आहे. त्यावर वैशालीचं डोकं आणखी फिरलं. पंखे आहेत, प्यायचं पाणी आहे, मुलींचा संडास वेगळा आहे, बाई रोज येतात आणि शिकवतातही. अजून काय पाहिजे? आईबापांनी मरमर करायची आणि लेकरानं शाळा झाकत फिरायचं!

शाळेची लाज हा शब्द तिला तसाही ऐकवत नव्हता. मध्य प्रदेशातल्या सौंसरपासून जवळच्या एका गावात ती सरकारी प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका होती, म्हणजे कंत्राटावरची. वर्गातली पोरं गळत चालली होती. आणखी एक जरी गेलं, तर शाळा बंद होऊन नाल्यापलीकडच्या शाळेत मिसळली जाणार होती. पावसाळ्यात नाला भरला की लहान पोरं घरीच बसतील. आणि वैशालीही. म्हणून ती रविवारी घरोघर फिरायची, आईबापांना समजवायची. नवरा रविवारीही कामावर असे, आणि स्नेहाला घरी एकटं ठेवायचा जीव होत नसे, म्हणून तिलाही मागं बसवून न्यायची.

महिनाभरापूर्वीच्या अशाच एका रविवारी ती गुणवंताच्या अंगणात उभी होती. गुणवंता संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जायचा. त्याची पायल चौथीत, वर्गात सगळ्यात हुशार. तिला काढून सौंसरच्या इंग्रजी शाळेत टाकायचं त्याच्या मनात होतं. खिचडीच्या शाळेत जायची पोट्टीले लाज वाटते, म्हणाला. मग सरळच विचारलं, "मास्तर लोकायचे लेकरं तं सरकारीत नाई शिकत, मॅडम. मंग आमचेच काहून?"

"माझी शिकते ना," वैशाली म्हणाली. "ही काय, बसली आहे. इथं पाचवीच्या वर वर्ग नाही, नाहीतर इथंच आणली असती. सौंसरले सरकारीतच आहे."

गुणवंतानं स्नेहाकडे पाहिलं. स्नेहा मान खाली घालून सीटचं फाटकं रेक्झिन सोलत होती.

"असं असन तं इचार करतो," गुणवंता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, स्नेहानं पहिल्यांदा स्वेटर घातला.

आज संध्याकाळी शाळेतून परस्पर ट्यूशनला गेलेल्या स्नेहाला घ्यायला वैशाली गेली, तेवढ्यात हेडमास्तरांचा फोन आला. गुणवंतानं पायलसाठी इंग्रजी शाळेचा ड्रेस घेतला म्हणे, उद्या नाव काढतो. वैशालीनं स्कुटी तिथूनच गावाकडे वळवली. मागं स्नेहानं गळ्यापर्यंत बटणं लावली. आज वैशाली स्वेटरबद्दल काही बोलली नाही.

गुणवंताच्या घरात खुंटीवर लाल टाय लटकत होता, पिवळ्या पट्ट्यांचा. पायल खाली बसून त्याच्याचकडे पाहत होती. वैशालीला बघून गुणवंता ओशाळला. नातेवाईक म्हणून राहिले, म्हणाला, पोरीचं भलं होते.

वैशाली बोलत राहिली. नाल्याचं बोलली, लहान पोरांचं बोलली. पायलच्या अक्षराचं बोलली. शाळा लाजेची नसते, माणसं तिला टाकून जातात म्हणून ती तशी दिसते, असंही म्हणाली, आणि ते तिच्या मनातलं होतं.

गुणवंतानं उठून खुंटीवरचा टाय काढला आणि हाताला गुंडाळला.

"तुमची पोरगी सरकारीत शिकून राहिली, मॅडम, तं माह्या पोरीले का झालं? उद्या वापस करतो सारं."

पायलनं खालचा ओठ दाताखाली धरला. वैशालीनं महिनाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि समोर ठेवलेला पाण्याचा गिलास एका दमात संपवला.

गुणवंताची म्हातारी आई, देवकाबाई, चहा घेऊन आली आणि स्नेहाजवळ टेकली. स्नेहाच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काहून वं माय, एवढ्या उकाड्यात सोटर?"

"थंडी वाजते, आजी."

देवकाबाईनं कपाळाला हात लावला. "कायची थंडी? पोरगी सारी भिजली. चक्कर येऊन पडन ना."

स्नेहानं दोन्ही हातांनी गळा धरला आणि आईकडे पाहिलं.

"राहू द्या, आजी," वैशाली उठत म्हणाली. "निघतोच आम्ही."

पण म्हातारीनं स्नेहाचे हात मायेनं बाजूला केले होते. कापूस वेचणारी बोटं ती, वरची बटणं केव्हाच निघाली. पायलनं आधी बापाच्या हाताला गुंडाळलेल्या टायकडे पाहिलं, मग स्नेहाच्या गळ्यातल्या तसल्याच टायकडे.